शनिवारवाड्यातले सवाई माधवराव आणि नाना : जेम्स वेल्सचं तैलचित्र

मुठेकाठी

नाना फडणवीस म्हटलं की डोळ्यांपुढे जो चेहरा उभा राहतो, लांबट, किडकिडीत, कोणाला थांग लागू न देणारा, तो आपल्याला बराचसा एका स्कॉटिश माणसाने दिलेला आहे. जेम्स वेल्स त्याचं नाव. १७९२ साली पुण्यात त्याने सवाई माधवराव पेशवे आणि नाना यांना एकाच कॅनव्हासवर आणलं. मूळ चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. जालावर त्याच्या प्रती सहज सापडतात. पुढचं वाचण्याआधी एकदा शोधून पाहा, आणि मोबाइलच्या टिचभर पडद्यावर नको, जरा मोठं करून.

आपल्याकडे तैलचित्र म्हटलं की गाडी थेट रविवर्म्यावर जाते. रविवर्मा जन्मला १८४८ मध्ये. त्याच्या जन्माआधी छप्पन्न वर्षं पुण्याच्या गादीवरचा माणूस तैलरंगात बसलेला होता, हे आपल्या गावीही नसतं.

वेल्सबद्दल थोडं. १७४७ चा जन्म, स्कॉटलंडमधल्या पीटरहेड गावचा. चित्रकला बरीचशी स्वतःच शिकलेला. लंडनमध्ये रेनल्ड्स, गेन्सबरो यांच्यासारखे बडे लोक असताना याला कोण विचारणार? तेव्हाचे कितीतरी मधल्या फळीतले चित्रकार कंपनीचा परवाना काढून हिंदुस्थानची वाट धरत. टिली केटल १७६९ मध्ये मद्रासला उतरला आणि पुढे अवधच्या शुजाउद्दौल्याची चित्रं करून गेला. झोफनी लखनौला राहिला. वेल्स १७९१ मध्ये मुंबईला आला. पुण्याला कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला वकील, होता चार्ल्स वॉर मॅलेट. त्याच्यामुळे वेल्सला शनिवारवाड्याचा दरवाजा उघडला.

आता चित्राकडे. पेशवे बसलेले आहेत, नाना बसलेले आहेत, मागे सेवक उभे. अंगावर पांढरं, गळ्यात मोत्यांच्या माळा. त्या काळच्या इंग्रज उमरावाचं चित्र आठवून पाहा. मागे खांब, लाल मखमली पडदा, पायाशी शिकारी कुत्रा, खिडकीबाहेर स्वतःच्या मालकीची जमीन. रुबाब सगळा त्या पसाऱ्यात. इथे हा पसारा जवळजवळ नाहीच. पांढऱ्यावर पांढरं चढवून रुबाब उभा केला आहे.

दुसरी गोष्ट नजरेची. आपल्या लघुचित्रांत मानाचा माणूस बहुधा एकचष्म असतो, एका बाजूने काढलेला, नाण्यावर शोभावा तसा. तिथे चेहरा म्हणजे हुद्दा. वेल्स चेहरा वळवतो, एका गालावर उजेड पाडतो, दुसरा सावलीत ठेवतो. मग पेशवा पेशवा राहतोच, पण अठरा वर्षांचा मुलगाही दिसायला लागतो. गालावरची कोवळीक लपत नाही.

आणि आता मला जे म्हणायचं आहे ते. या चित्राचा धनी पेशवा असेल, विषय नाना आहेत. हा मुलगा १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर जन्मला आणि चाळीस दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. तेव्हापासून त्याने काय खायचं, कोणाला भेटायचं, कुठे जायचं हे ठरवणारे नाना. १७९२ मध्ये नाना पन्नाशीचे. आणि चित्रात ते सेवकांच्या रांगेत हात बांधून उभे नाहीत, बैठकीवर आहेत. एवढ्या दागिन्यांत मढलेल्या धन्याकडे आपण आधी बघतो, मान्य. पण नजर रेंगाळते नानांवर. मोती रंगवणं सोपं, तो चेहरा रंगवणं अवघड. वेल्सने जीव तिथे ओतला आहे असं माझं ठाम मत.

तुम्हाला काय दिसतं?

---

जवसतेल

छान विषय. शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे थोडी तांत्रिक भर घालतो.

आपल्याकडच्या चित्रकाराचा रंग म्हणजे रंगद्रव्य, डिंक आणि पाणी. पाणी उडालं की रंग वाळला, काम पुढे. तैलरंगात रंगद्रव्य जवसाच्या तेलात घोटलेलं असतं आणि हे तेल उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट होतं. पातळ हात दिला तर काही दिवस, जाड थर असेल तर आठवडे, आणि आतून पुरतं कडक व्हायला वर्षं लागतात. चित्रकाराचा फायदा यातच आहे. रंग ओला असतो तोवर गालावरचा उजेड सावलीत ब्रशने मिसळत नेता येतो. मुठेकाठींनी कोवळीक म्हटली ती याच मिसळण्यातून येते. डिंकाच्या रंगात हेच काम बारीक रेघा आणि टिंबं देऊन करावं लागतं. तेही अप्रतिम होतं, पण त्याचा परिणाम वेगळा.

पांढऱ्याबद्दल. त्या काळी तैलरंगातला पांढरा म्हणजे शिशापासून केलेला सफेदा. विषारी, पण त्याच्यासारखा रंग नाही. शिशामुळे तेल लवकर वाळतं, थर चिवट होतो. मलमल रंगवायची त्या काळची नेहमीची रीत अशी की आधी खालचा अंगाचा किंवा सावलीचा गडद रंग वाळू द्यायचा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने पातळ सफेदा वरून ओढायचा. खालचा रंग मधूनमधून दिसत राहतो आणि कापड झिरझिरीत वाटतं. शेवटी जिथे चुणीवर उजेड पडतो तिथे जाड पांढऱ्याचा एकच फटकारा. मोत्याचंही तसंच. करडा गोळा, खालच्या कडेला शेजारच्या रंगाची झाक, वर पांढरा ठिपका. जवळून बघाल तर मोती नसतोच, तीन डाग असतात.

आणि आपली हवा! कॅनव्हासला रंगाआधी सरस लावलेला असतो. पावसाळ्यात सरस ओलावा पितो आणि कापड सैल पडतं, उन्हाळ्यात ताणलं जातं. वरचा रंग वर्षानुवर्षं कडक होत चाललेला असतो, त्याला ही ओढाताण सोसत नाही आणि भेगांची जाळी पडते. शिवाय बुरशी. हे चित्र इथेच कुठल्या वाड्यात टांगून राहिलं असतं तर आज काय अवस्थेत असतं, सांगवत नाही.

---

पाटावरवंटा

वाचनखूण साठवली. आमच्या वाईजवळ मेणवलीला नानांचा वाडा आहे, त्यात भिंतींवर चित्रं आहेत. लहानपणी कितीदा पाहिली. म्हणजे नानांना चित्रांची आवड होतीच म्हणायची. पण स्वतःचा चेहरा परक्या माणसासमोर तासन्‌तास धरून बसणं म्हणजे जरा वेगळं प्रकरण. त्या बैठकीत एकमेकांशी बोलायचे तरी कसे, दुभाषा ठेवून?

---

सनावळी

लेख आवडला, निष्कर्ष नाही.

एक, कारभारी धन्याजवळ बसलेला दाखवणं यात नवल काय? मुत्सद्द्याला दरबारात बैठकीचा मान असतोच. चवरी ढाळणाऱ्याच्या रांगेत नाना उभे असते तर मी दचकलो असतो.

दोन, १७९२ हे साल नीट बघा. आदल्या वर्षी घाशीराम कोतवालाचं प्रकरण होऊन पुण्यात नानांच्या कारभाराची नाचक्की झालेली. जून १७९२ मध्ये महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यात दाखल. बादशहाकडून आणलेली वकील-इ-मुतलकीची, म्हणजे बादशहाच्या मुख्य मुखत्यारीची, वस्त्रं पेशव्यांना देण्याचा मोठा समारंभ त्यांनी घडवला. तरुण पेशव्यांना महादजींचा लळा लागला, शिकारीला दोघं बरोबर जाऊ लागले, आणि नाना अस्वस्थ झाले. अशा वर्षातलं चित्र ‘नानांची सत्ता’ दाखवतं असं म्हणायचं की ‘नानांची सत्ता हलत असताना केलेला देखावा’ म्हणायचं? दोन्ही म्हणता येतं. म्हणजेच चित्रावरून काही सिद्ध होत नाही.

तीन, वेल्सने महादजींचंही चित्र केलं. मॅलेटला पुण्यातल्या वजनदार माणसांचे चेहरे हवे होते आणि त्याने ते जमवले. वेल्सचा जीव नानांत ओतला गेला हे तुम्ही चित्रातून वाचताय की आपल्या डोक्यातल्या नानांवरून?

---

मुठेकाठी

@पाटावरवंटा, मॅलेट १७८६ पासून पुण्यात, त्याला दरबारी भाषा म्हणून फारसी चांगली येत होती. दुभाषे, मुनशी यांची काही ददात नव्हती. वेल्सची रोजनिशी आणि रेखाटनं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहेत. त्यातलं मराठीत कोणीतरी आणायला हवं.

@सनावळी, महादजींचा मुद्दा वजनदार आहे आणि माझ्या बाजूचाच आहे असं मला वाटतं. सत्ता हलते तेव्हाच माणूस चित्रात आपली जागा पक्की करून घेतो. पक्की असेल तर कशाला बसेल? बैठकीचा मान नेहमीचा असेल, पण कॅनव्हासवर किती माणसं घ्यायची हे कोणीतरी ठरवतं. दरबारात पन्नास मानकरी होते. इथे बसलेले दोनच.

---

उंटावरचाशहाणा

कौतुक पुरे झालं. मॅलेट काय पुण्यात मोदक खायला आला होता? दरबारात कोण कोणाशेजारी बसतो, कोणाची तब्येत कशी, कोणात वितुष्ट आहे, हे सगळं कलकत्त्याला कळवणं हा त्याचा धंदा. चित्रकार आत घुसवणं त्यातलाच प्रकार. आपले लोक मोती घालून बसले आणि पंचवीस वर्षांत राज्य गेलं.

---

सनावळी

@उंटावरचाशहाणा, रेसिडेंट बातम्या काढायचा हे खरंच. पण आपले वकीलही सगळ्या दरबारांत बसून तेच करत होते, नानांचं बातम्यांचं जाळं तर प्रसिद्ध. एकतर्फी भोळेपणा इथे कोणीच करत नव्हतं. आणि १७९० मध्ये टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि कंपनी एकत्र आले होते. चित्र झालं तेव्हा मॅलेट हा दोस्त राज्याचा प्रतिनिधी होता. १८१८ चा शेवट माहीत असल्यामुळे १७९२ कडे बघताना आपल्याला सगळीकडे कावा दिसतो.

---

थेम्सकाठची

त्या १७९० च्या तहाचंच दुसरं तैलचित्र इथे लंडनला टेट संग्रहात आहे, त्याचा विषय कोणी काढला नाही अजून धाग्यात! शनिवारवाड्यातला भर दरबार, पेशवे, नाना, मॅलेट आणि त्याचे इंग्रज साथीदार, माणसांची ही गर्दी. ते चित्र मॅलेटने वेल्सकडूनच करून घ्यायचं ठरवलं होतं. वेल्सने एकेकाचे चेहरे टिपून ठेवले, आणि मोठं चित्र व्हायच्या आत तो वारला. मग त्याच रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने ते पुरं केलं आणि १८०५ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मांडलं.

गंमत बघा. वेल्स हिंदुस्थानात आला १७९१ मध्ये, म्हणजे तह झाला तेव्हा तो इथे नव्हताच. डॅनियलही त्या दरबारात नव्हता. न पाहिलेला प्रसंग एकाने दुसऱ्याच्या कागदांवरून रंगवला, आणि तोवर चित्रातले पेशवे जाऊन दहा वर्षं झाली होती, नाना जाऊन पाच. तरी पुस्तकांत ते ‘पेशव्यांचा दरबार असा होता’ म्हणून छापलं जातं. वेल्सचं दोघांचं चित्र निदान समोर माणूस बसवून केलेलं आहे. मला दोन्हींत तेच खरं वाटतं. डॅनियलच्या चित्रात सगळे जण मॅलेटसाठी जमल्यासारखे दिसतात.

मुठेकाठी, तुमच्या मताला माझं अर्धं अनुमोदन. नानांचा चेहरा जास्त जिवंत आहे, हे खरं. पण सत्तेपेक्षा वयाचा तो परिणाम असेल. अठरा वर्षांच्या चेहऱ्यावर चित्रकाराला पकडायला असतं काय?

---

जवसतेल

@थेम्सकाठची, अगदी बरोबर. सुरकुती, हाड, खोबणी असली की सावली बसायला जागा मिळते. गुळगुळीत तरुण चेहरा हा कुठल्याही चित्रकाराचा वैताग असतो. माझी मुलंसुद्धा वर्गात आजोबा पटकन काढतात, बहीण जमत नाही.

---

कासारआळी

या सगळ्यात एक पुणेकर चित्रकार राहूनच गेला. गंगाराम चिंतामण तांबट.

मॅलेटच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली होती. मुंबईचं जे. जे. १८५७ चं, म्हणजे ही त्याच्या सहा दशकं आधीची गोष्ट. गंगाराम त्यातला ठळक माणूस. मॅलेटसाठी आणि वेल्सबरोबर त्याने काम केलं, वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली. सवाई माधवरावांना जनावरांचा भारी शौक, पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. तिथला गेंडा गंगारामने १७९० मध्ये काढलाय. जरूर बघा. कातडीच्या घड्या, त्यांवरचे खवल्यासारखे उठाव, सगळं कसं निरखून काढलंय. लेथ फिरवणारा कारागीर, व्यायाम करणारा पैलवान हेही त्याचे विषय. आडनाव तांबट, तेव्हा हत्यार आणि हात यांचं नातं त्याला कोणी शिकवायची गरज नसावी.

त्याने वेरूळला आपल्या गुरूंना नमस्कार करतानाचं स्वतःचं चित्रही केलं आहे. अठराव्या शतकातल्या मराठी चित्रकाराचं स्वतःच्या हातचं रूप! पेशव्यांच्या चित्रावर आपण पानं भरतोय, आणि याच्या नावाने पुण्यात साधी पाटी कुठे पाहिल्याचं मला आठवत नाही. हीही चित्रं येललाच आहेत.

मुठेकाठींचा वाद नाना की पेशवा असा आहे. मला विचाराल तर दोघांपेक्षा तो गेंडा जास्त मोकळा बसलाय.

---

पाटावरवंटा

गेंडा शोधून पाहिला. नवरा आणि मुलं तिघांना दाखवला. कासारआळी, नमस्कार तुम्हाला!

---

सुईदोरा

दरबार, वकील, मुत्सद्दी, पैलवान. बायका कुठे आहेत, हा प्रश्न पडला म्हणून शोधलं. वेल्सने एका स्त्रीचं तैलचित्र केलेलं आहे, बीबी अंबर कौर. मॅलेटची सहचारिणी. लग्नाची नाही. तिला त्याच्यापासून मुलं झाली, ती मुलं पुढे इंग्लंडला गेली. आणि मॅलेटने १७९९ मध्ये लग्न केलं ते जेम्स वेल्सच्या मुलीशी, सुझॅनाशी. म्हणजे ज्या बाईचं चित्र बापाने केलं, तिच्याच माणसाशी पुढे मुलीचं लग्न झालं. पेशव्यांच्या चित्राइतकी यावर चर्चा होत नाही. मला मात्र नानांच्या चेहऱ्यापेक्षा हिच्याबद्दल जास्त जाणून घ्यायला आवडेल.

---

मुठेकाठी

@सुईदोरा, स्वतंत्र धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

@कासारआळी, गंगारामवर तर लेखमालाच व्हावी. पण एक लक्षात घ्या, त्याची चित्रं कागदावरची आहेत. मला प्रश्न पडतो तो हा की समोर तैलचित्र होताना पाहूनही इथल्या चित्रकारांत तैलरंग तेव्हा रुजला का नाही? कापड, तेल, हिंगूळ, गेरू सगळं इथे मिळत होतं.

---

जवसतेल

माझ्या मते साहित्यापेक्षा सवय आणि गिऱ्हाईक यांचा प्रश्न. तैलचित्र भिंतीवर टांगायचं असतं, लांबून बघायचं असतं. आपली चित्रं एकतर भिंतीवरच रंगवलेली, नाहीतर पोथीत, बस्त्यात, हातात धरून बघायची. वाड्याच्या भिंतीवर माणसाचा चेहरा चौकटीत टांगण्याची रीतच नव्हती. रीत आली ती संस्थानिकांच्या दिवाणखान्यांबरोबर, एकोणिसाव्या शतकात. आणि दुसरं, ज्यांनी शाळा उभी केली ती माणसंच राहिली नाहीत. १७९५ मध्ये सगळंच बसलं.

---

सनावळी

१७९५ बद्दल जवसतेल म्हणतात त्याला तारखा जोडतो. मार्चमध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव, पेशवे स्वतः मोहिमेवर हजर. ऑक्टोबरच्या अखेरीस शनिवारवाड्यातून पडून त्यांचा अंत, वय एकवीस. वेल्स नोव्हेंबरमध्ये गेला. महादजी आदल्याच वर्षी वानवडीला वारले होते. चित्र होऊन तीन वर्षांत चित्रकार आणि त्याने रंगवलेल्या तिघांतले दोघं संपले, उरले एकटे नाना. आणि वाडा १८२८ च्या आगीत गेला, त्यामुळे ती बैठक, तो उजेड, काहीच ताडून बघता येत नाही.

मुठेकाठी, तरीही तुमचं म्हणणं मला मान्य नाही. पण तुमच्यामुळे चित्र पुन्हा अर्धा तास बघितलं.

---

ठाणेकर

वेल्स वारला तो आमच्या ठाण्यात! साष्टीतल्या लेण्यांची रेखाटनं करण्याचं काम चालू होतं, त्यातच गेला. वेरूळची त्याची चित्रं नंतर डॅनियलने १८०३ मध्ये छापून काढली. मुंबई बेटाचे त्याचे बारा देखावे १८०० मध्ये निघाले. मुंबईच्या जुन्या चित्रांवर लिहिणारा कोणीही त्यांच्यापाशी येतोच.

सुईदोराताईंनी सुझॅनाचं सांगितलं त्याला पुढचा धागा जोडतो. तिला आठ मुलगे झाले. त्यांतला एक ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट, ठाण्याचा कलेक्टर. १८५० मध्ये माथेरानचा डोंगर चढून गेला आणि ते थंड हवेचं ठिकाण म्हणून पुढे आणणारा तोच. डोंगरावर त्याआधीही आपली माणसं होती हे सांगायला नकोच. पण म्हणजे पेशव्यांना समोर बसवून रंगवणाऱ्या वेल्सचा नातू हा माथेरानचा मॅलेट.

---

उंटावरचाशहाणा

माथेरानचं माहीत नव्हतं. बाकी मताशी ठाम.